वाचनाचा वेग आणि आकलनाचा ताळेबंद

छत्तीसगडमधील भिलाईला लागून असलेले जामुल हे नगर सिमेंटसाठी ओळखले जाते. एसीसी कंपनीचा येथील कारखाना १९६५ सालचा. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्यातील झोतभट्ट्यांची मळी, म्हणजेच स्लॅग, या सिमेंटच्या कामी येते. पोलाद आणि सिमेंट या दोन उद्योगांच्या आधाराने देशाच्या सर्व भागांतील माणसे या परिसरात येऊन स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचाच भाग होता. त्यामुळे विदर्भाशी या भूमीचे नाते जुने आहे.

अशा घरातील मुलांना तीन भाषांतून वाचावे लागते. शाळेत आणि बाजारात हिंदी, घरात मराठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी. त्यात घड्याळाची भर पडते. आयबीपीएसतर्फे घेतल्या जाणाऱ्या बँक अधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवावे लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुणही वजा होतात. उतारा वाचणे, प्रश्न समजून घेणे आणि पर्याय निवडणे हे सारे याच वेळेत उरकायचे असते. साहजिकच ‘मिनिटाला हजार शब्द वाचा’ असे आश्वासन देणारी द्रुतवाचनाची सॉफ्टवेअर आणि मोबाइल अ‍ॅप या वयातील विद्यार्थ्यांना आकर्षित करतात.

प्रश्न केवळ परीक्षेपुरता असता, तर त्याची चर्चा शिकवणी वर्गापुरतीच राहिली असती. पण घरात जो ‘भरभर वाचतो’ त्याच्याकडेच बहुधा कर्जाचा करार, विम्याची पॉलिसी आणि जामिनकीचा कागद वाचण्याचे काम येते. आई-वडील विचारतात, ‘काय लिहिले आहे रे यात?’ आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवून सही करतात. म्हणूनच वाढलेल्या वेगाची किंमत आकलनाच्या खात्यातून वजा होते का, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पडद्यावर धावणारे शब्द

या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात मजकूर ओळींत मांडलेलाच नसतो. पडद्याच्या मध्यभागी एकामागून एक शब्द चमकून जातात आणि डोळे जागचे हलत नाहीत. ‘स्प्रीडर’सारखी साधने या तत्त्वावर चालतात. २०१४ मध्ये गाजावाजा होऊन पुढे आलेल्या ‘स्प्रिट्झ’ने याच पद्धतीत प्रत्येक शब्दातील एक अक्षर तांबडे करून नजर तेथे खिळवून ठेवण्याची युक्ती योजली होती. दुसऱ्या प्रकारात मजकूर नेहमीसारखाच असतो, पण एक रंगीत पट्टी ठरावीक वेगाने ओळीवरून सरकते आणि वाचकाला तिच्यामागे धावावे लागते. तिसऱ्या प्रकारात अंकांचे तक्ते किंवा शब्दांचे गट दाखवून ‘दृष्टीची व्याप्ती’ वाढविण्याचे व्यायाम दिले जातात.

तिन्हींचे गृहीतक एकच आहे. माणूस संथ वाचतो याला त्याच्या सवयी कारणीभूत आहेत: तो डोळे फार हलवतो, वाचलेल्या ओळीवर पुन्हा मागे जातो आणि मनातल्या मनात शब्द उच्चारतो. या तीन सवयी मोडल्या की वेग आपोआप वाढेल आणि आकलन जसेच्या तसे राहील, असे सांगितले जाते.

जुन्या आश्वासनाचे नवे रूप

हे आश्वासन संगणकाच्या आधीचे आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यातील शिक्षिका एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. पानावरून हात वरून खाली फिरवीत नजरेने शब्दांचे समूह टिपायचे, ही त्यांची पद्धत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात व्हाइट हाउसमधील कर्मचाऱ्यांना हा अभ्यासक्रम देण्यात आला, तर जिमी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्ष असताना १९७७ मध्ये तो स्वतः केला. अशा नावांमुळे द्रुतवाचनाला मोठी प्रतिष्ठा लाभली. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, क्षणभर चित्र दाखविणाऱ्या टॅकिस्टोस्कोप या यंत्राच्या साहाय्याने सैनिकांना विमाने ओळखण्याचे शिक्षण दिले गेले होते. जे विमानांबाबत शक्य आहे ते शब्दांबाबत का नसावे, असा विचार त्यातून बळावला. आजचे अ‍ॅप हे या दोन्हींचे वारसदार होत.

विमान ओळखणे आणि वाक्य समजणे यांत मात्र मोठे अंतर आहे. विमानाची आकृती दिसली की काम संपते. वाक्यातील शब्द दिसल्यानंतर काम सुरू होते.

डोळ्यांची मर्यादा, बुद्धीची गती

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जातो असे वाटते. प्रत्यक्षात तो लहान लहान उड्या मारतो आणि दोन उड्यांच्या मध्ये थांबतो, ही गोष्ट फ्रेंच नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास लक्षात आली. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि याच थांब्यात शब्द ओळखला जातो. सुस्पष्ट दिसण्याचा भाग दृष्टीच्या मध्यबिंदूभोवती जेमतेम दोन अंशांचा असतो. त्याबाहेरची अक्षरे अंधुक होत जातात. व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण दृष्टिपटलाची ही रचना बदलत नाही.

आता साधा हिशेब करावा. पाव सेकंदाला एक थांबा म्हणजे मिनिटाला सुमारे २४० थांबे. मिनिटाला हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यात चार शब्द स्पष्ट दिसले पाहिजेत. सुस्पष्ट दृष्टीच्या मर्यादेत ते बसत नाही. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा इंग्रजीतील माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्मक मजकुराचा २६० शब्द इतका निघाला.

एकेक शब्द चमकविणारे सॉफ्टवेअर यावर म्हणेल की, आमच्या पद्धतीत डोळा हलतच नाही, मग उड्यांचा वेळ वाचतो. परंतु उडीला लागणारा वेळ मुळातच सेकंदाच्या काही शतांशांइतका अल्प असतो आणि त्या अवधीतही मेंदूचे अर्थ लावण्याचे काम चालू असते. खरा वेळ डोळा खात नाही. शब्दाचा अर्थ ओळखणे, तो मागच्या शब्दाशी जोडणे आणि वाक्याचा आशय उभा करणे यांसाठी तो खर्च होतो.

मागे वळण्याचा अधिकार

द्रुतवाचनाच्या जाहिराती ज्या सवयीला सर्वाधिक दोष देतात, ती म्हणजे मागे वळणे. कुशल वाचकाच्याही डोळ्यांच्या शंभरपैकी दहा ते पंधरा हालचाली मागच्या दिशेने होतात. ही आळशीपणाची खूण आहे काय? २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकाची नजर पुढे गेली की मागचा शब्द झाकला जाईल, अशी योजना त्यांनी केली होती. मागे वळून काहीच हाती लागत नाही असे झाल्यावर वाचकांचे आकलन घटले. वाक्य अवघड असो वा सोपे, परिणाम तोच दिसला. याचा अर्थ स्पष्ट आहे. जेथे अर्थ निसटतो तेथे डोळा स्वतःहून परत जातो आणि चूक दुरुस्त करतो. शब्द धावत नेणारे सॉफ्टवेअर नेमकी हीच दुरुस्तीची सोय काढून घेते.

मनातल्या मनात उच्चार करण्याचेही तसेच आहे. अवघड मजकूर वाचताना हा आतला आवाज शब्दांना काही क्षण स्मरणात धरून ठेवतो. तो दाबून टाकला तर गुंतागुंतीच्या वाक्यांचा अर्थ लावणे कठीण जाते.

कसोटीवर काय उरले?

१९८० च्या दशकाच्या आरंभी मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मायकेल मॅसन या मानसशास्त्रज्ञांनी तीन प्रकारच्या वाचकांची तुलना केली: द्रुतवाचनाचे शिक्षण घेतलेले, शिक्षण न घेता नुसते चाळणारे आणि नेहमीच्या गतीने वाचणारे. नेहमीच्या गतीने वाचणाऱ्यांना मजकूर सर्वांत चांगला समजला. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय सांगण्यात प्रशिक्षित वाचक चाळणाऱ्यांपेक्षा किंचित सरस ठरले. मात्र अवघड मजकुरात आणि तपशिलांत त्यांना तो लाभही दिसला नाही. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला सविस्तर आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, वेग आणि अचूकता यांत देवाणघेवाण अटळ आहे आणि आकलन कायम ठेवून वेग दुप्पट-तिप्पट करण्याचा कोणताही सोपा मार्ग नाही. वाचन खरोखर सुधारायचे तर शब्दसंपत्ती वाढवावी, विषयाची ओळख वाढवावी आणि भरपूर वाचावे.

मग अ‍ॅपमधील चाचणीत ‘आकलन ९० टक्के’ असा आकडा कसा येतो? पुष्कळदा प्रश्न असे असतात की सामान्यज्ञानावर किंवा पर्यायांच्या शब्दरचनेवरूनही उत्तर सुचते. खरी कसोटी घरच्या घरी घेता येते. एक अपरिचित उतारा अ‍ॅपच्या वेगाने वाचावा, पडदा बंद करावा आणि आठवणारे मुद्दे, आकडे व अटी कागदावर लिहून काढाव्यात. तेवढाच दुसरा उतारा नेहमीच्या गतीने वाचून तसेच करावे. दोन कागद शेजारी ठेवले की निकाल आपोआप समोर येतो.

जामुलच्या कारखान्यातून निघालेल्या सिमेंटलाही हाच नियम लागू आहे. बांधकामावर काँक्रीट काही तासांत घट्ट होते, पण त्यावर दिवसेंदिवस पाणी मारले नाही, तर ते कमकुवत राहते. त्याची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची पद्धत आहे. वरून कोरडे दिसते म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी त्यावर भार टाकीत नाही. वाचलेला मजकूरही ‘वाचून झाला’ असे वाटणे आणि तो पचून भार पेलण्यास योग्य होणे, यांत असेच अंतर असते.

देवनागरीचा निराळा हिशेब

द्रुतवाचनाची बहुतेक साधने इंग्रजी आणि रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. मराठीला ती लावताना आणखी काही अडचणी येतात. सॉफ्टवेअर दोन मोकळ्या जागांमधल्या मजकुराला एक शब्द मानते. मराठीत ‘घरासमोरच्यांनाही’ हा एकच शब्द. इंग्रजीत एवढ्यासाठी पाच-सहा शब्द लागतील. दोघांनाही पडद्यावर सारखाच वेळ दिला तर मराठी वाचकावर अन्याय होतो. शिवाय देवनागरीत मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे लागतात. ऱ्हस्व इकार लिहिताना व्यंजनाच्या आधी येतो आणि उच्चारताना नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी शब्दवाचनाच्या अभ्यासात या उलटसुलट क्रमाचा परिणाम शब्द ओळखण्याच्या वेळेवर होत असल्याचे दिसून आले.

सर्वांत महत्त्वाची बाब वाक्यरचनेची आहे. मराठी वाक्याचा निर्णय शेवटी होतो, कारण क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. उदाहरणार्थ, ‘कर्जदाराकडे मागणी केल्यानंतरच हमीदाराकडे मागणी करावी, असे बंधन बँकेवर राहणार नाही’ हे वाक्य पाहावे. घाईत नजर पहिल्या अर्ध्या भागावरून पुढे सरकली, तर वाचणाऱ्याच्या मनात नेमका उलटा अर्थ राहतो. वाक्यातील शेवटचा एक शब्द साऱ्या जबाबदारीचे पारडे फिरवितो.

मराठी वाचनपरंपरेला हा भेद परका नाही. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत पूर्ण होते आणि त्याच ग्रंथाचे निरूपण वर्षानुवर्षे चालू राहते. दोन्हींना आपापले स्थान आहे. पारायण केले म्हणजे निरूपणाची गरज संपली, असे मात्र कोणी म्हणत नाही.

सही करण्यापूर्वीचे वाचन

बँकेच्या व्यवहारात या भेदाला रुपयांत मोजता येणारी किंमत आहे. जामिनकीचेच घ्यावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपवून मगच हमीदाराकडे यावे असे बंधन धनकोवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद’ या खटल्यात १९६८ मध्ये स्पष्ट केले. ‘फक्त सही करायची आहे’ असे समजून शेजाऱ्यासाठी किंवा सहकाऱ्यासाठी जामीन राहणाऱ्याने हे एक कलम सावकाश वाचले, तर पुढचा मनस्ताप टळू शकतो.

व्याजदराबाबतही तेच घडते. समजा, एक लाख रुपयांचे कर्ज १२ टक्के दराने एका वर्षासाठी मिळाले आणि २ टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापले गेले. करांचा भाग बाजूला ठेवला, तर हातात ९८,००० रुपये येतात, पण मासिक हप्ता पूर्ण लाखावर, म्हणजे सुमारे ८,८८५ रुपये, भरावा लागतो. हाती आलेल्या रकमेवर हिशेब केल्यास वार्षिक दर १५.८५ टक्क्यांच्या आसपास जातो. घाईने वाचणाऱ्याला ठळक अक्षरांतला १२ हा आकडा दिसतो. संथ वाचणाऱ्याला शुल्काची ओळही दिसते.

हीच अडचण ओळखून रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी ‘महत्त्वाच्या तथ्यांचे विवरणपत्र’ देणे बंधनकारक झाले. त्यात शुल्कांसह होणारा एकूण वार्षिक दर नमूद करावा लागतो. विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि तो समजल्याची पोच घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाबाबत कर्जदाराला विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. विमा पॉलिसी पसंत नसल्यास ती परत करण्यासाठी २०२४ च्या विमा नियमांनुसार ३० दिवसांची मुदत आहे. थोडक्यात, सावकाश वाचण्याचा अवधी नियमांनीच ग्राहकाच्या हाती दिला आहे. तो वापरणे न वापरणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे.

आणि हा अवधी वापरून खर्च तरी किती होतो? दोन हजार शब्दांचा इंग्रजी करार मिनिटाला ६०० शब्दांच्या वेगाने साडेतीन मिनिटांत चाळता येतो, तर सरासरी गतीने वाचण्यास साडेआठ मिनिटे लागतात. वाचलेली पाच मिनिटे एका पारड्यात आणि पाच-दहा वर्षांचे हप्ते दुसऱ्या पारड्यात टाकून पाहावे.

ही जबाबदारी काउंटरच्या दोन्ही बाजूंची आहे. ‘येथे सही करा’ म्हणून पेन्सिलीची फुली दाखविणाऱ्या अधिकाऱ्याने दोन मिनिटे थांबून मुख्य अटी समजावल्या, तर ग्राहकाचे आकलन आणि बँकेचा वसुलीचा मार्ग दोन्ही सुकर होतात. परिपत्रके वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही हे लागू आहे. परिपत्रकाचा विषय शीर्षकात कळतो, पण बदल बहुधा एखाद्या परिच्छेदातील एका शब्दात असतो.

वेग कोठे, विसावा कोठे?

द्रुतवाचन सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. वृत्तपत्र, ई-मेलचा ढीग, संदर्भासाठी चाळायचे पुस्तक किंवा परीक्षेतील उताऱ्यात नेमके उत्तर शोधणे यांसाठी चाळण्याचे कौशल्य उपयोगी पडते. सराव म्हणून सॉफ्टवेअर वापरण्यासही हरकत नाही. कोठे धावायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरविणे महत्त्वाचे. त्यासाठी काही साध्या सवयी लावून घेता येतील.

१) महत्त्वाचा कागद दोनदा वाचावा. प्रथम वेगाने, शीर्षके व रचना समजण्यासाठी. नंतर सावकाश, अर्थ समजण्यासाठी.

२) ‘परंतु’, ‘अन्यथा’, ‘वगळता’, ‘अधीन राहून’ आणि ‘नाही’ हे शब्द दिसताच थांबावे व त्याखाली रेघ मारावी. अटी बहुधा याच शब्दांच्या आडोशाने बसलेल्या असतात.

३) रक्कम, दर, मुदत, शुल्क आणि दंड हे पाच आकडे वेगळ्या कागदावर लिहून घ्यावेत.

४) शक्य असल्यास मजकूर छापून घ्यावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कागदावरील वाचनाचे आकलन पडद्यापेक्षा सरस आढळले आणि वेळेचे बंधन असताना हा फरक अधिक दिसला.

५) मोबाइलवरील संदेशाबाबत घाई करू नये. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि ती कोणाला जाणार हे आधी वाचावे. यूपीआयवर पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे कायम लक्षात ठेवावे.

६) वाचून झाल्यावर मजकूर घरातील दुसऱ्या व्यक्तीला स्वतःच्या शब्दांत सांगावा. जेथे अडखळायला होते, तेथे पुन्हा वाचावे.

शेवटची सवय विशेष मोलाची आहे. जामुल असो वा जालना, घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी कागद वाचून आई-वडिलांना त्याचा अर्थ सांगते, तेव्हा त्या वाचनावर एका कुटुंबाची बचत, घर आणि पत अवलंबून असते. परीक्षेत एक उत्तर चुकले तर थोडे गुण जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते. सही केलेल्या कागदावरची अट मात्र कर्ज फिटेपर्यंत सोबत राहते. तेव्हा असा कागद हाती आला की घड्याळ बाजूला ठेवावे आणि एखादे वाक्य समजले नाही, तर निःसंकोचपणे मागच्या ओळीवर परत जावे.